कपाट क्रमांक एक्केचाळीस

मीटरवाल्याने आयुष्यात तीनशे बारा बळी घेतले. ते सगळे एका लोखंडी कपाटामुळे मिळाले, असं त्याच्या बायकोचं मत. आणि साधारण तितकेच त्या कपाटामुळे हुकले, हेही तिचंच मत. मीटरवाला पहिलं मत आनंदाने ऐकायचा आणि दुसऱ्याच्या वेळी बूट शोधायला लागायचा.

तो पाणीपुरवठा खात्यात मीटर दुरुस्त करायचा. कार्यालयाच्या मागे खात्याचं पटांगण होतं आणि तिथे खात्याचा संघ खेळायचा. पटांगण तसं ठीक, पण एका टोकाला जागा अपुरी. स्टंपपासून मीटर दुरुस्तीच्या खोलीच्या भिंतीपर्यंत फक्त नऊ पावलं, आणि मीटरवाल्याला बॉल टाकायला धाव लागायची चौदा पावलांची. दुसरा कोणी असता तर त्याने धाव तरी कमी केली असती किंवा टोक तरी बदललं असतं. याने उरलेली पाच पावलं खोलीत टाकली. खोली त्याचीच, दार पटांगणातच उघडणारं, मग अडचण कसली?

अडचण एकच होती. मागच्या खिडकीला पाठ लावून तो निघाला की तीन पावलं सरळ पडायची आणि चौथ्याला जुन्या मीटरांचं कपाट आडवं यायचं. पांढऱ्या रंगात क्रमांक एक्केचाळीस घातलेलं, त्याच्याहून हातभर उंच आणि रुंदीला दोन माणसांएवढं. म्हणून चौथ्या पावलाला तो डावीकडे वळायचा, कपाट चुकवायचा, पाचव्याला उंबऱ्यावरून पायरीखाली उडी मारायचा आणि मग उन्हात नऊ पावलं धावून बॉल टाकायचा. समोरच्या फलंदाजाला दिसायचं फक्त एक काळोखं दार. आतून बुटांचा आवाज यायचा, मग कसला तरी डबा पडल्याचा, आणि मग एकदम मीटरवाला.

एकदा तो खोलीत गेला तो बाहेर आलाच नाही. झालं असं की निघता निघता टेबलावरचा फोन वाजला. कोणा बाईंच्या नळाला तीन दिवस पाणी नव्हतं. याने तक्रार लिहून घेतली, पत्ता दोनदा विचारला, उद्या माणूस पाठवतो म्हणाला, फोन ठेवला आणि तिथूनच धावत सुटला. तोवर फलंदाज कंटाळून बॅट काखेत धरून यष्टिरक्षकाशी गप्पा मारत उभा होता. मधला स्टंप गेला. केवढं भांडण! पंच होता खात्याचाच एक तरुण कारकून, जो टेबल-खुर्च्या-कपाटांच्या नोंदी ठेवायचा. तो म्हणाला, "बॉल रद्द झालेला नव्हता. बॉल प्रक्रियेत होता." आणि बोट वर केलं. 

पुढच्या खोलीत एक टायपिस्ट बसायची. खिडकीतून तिला हे सगळं दिसायचं. तिसऱ्या का चौथ्या सामन्यानंतर ती मीटरवाल्याला म्हणाली, "तुम्ही ते कपाट हलवत का नाही? दोन हात बाजूला सरकवलं तरी पुरे."

"खात्याचं कपाट आहे. मंजुरी लागते."

"मग अर्ज करा. मी टाइप करून देते."

"कपाटासाठी अर्ज?" मीटरवाल्याला हसू आलं. आपण गोलंदाज, आपण कपाटापुढे हात जोडायचे? "ते मला नडत नाही, मी त्याला नडत नाही. चाललंय ते चालू दे."

टायपिस्ट आपल्या खुर्चीवर परतली. तिने मशीनमध्ये कोरा कागद घातला आणि कामाला लागली. वर्षभराने दोघांनी लग्न केलं.

मीटरवाल्याच्या मनाला एकच गोष्ट लागून होती. धावफलकाच्या वहीत त्याच्या नावापुढे गोलंदाजीचा प्रकार लिहिलेला असायचा: जलद-मध्यम. तो दर मोसमात वही मागून घ्यायचा, ते वाचायचा आणि म्हणायचा, "मध्यम खोडा." वही लिहिणारा म्हणायचा, "बॉल जोरात पडला की खोडू." बॉल जोरात पडायचा नाही. खांदा चांगला, मनगट चांगलं, पण चौथ्या पावलाला धावेचा जोर मोडायचा तो मोडायचाच. कोणी तरी हे घरी सांगितलं आणि बायकोला आयतं कोलीत मिळालं. "अहो मध्यम, चहा झालाय." "मध्यम, गॅस बंद करा." पाहुण्यांसमोरसुद्धा. तो चिडायचा, ती खुश व्हायची, आणि संसार छान चालला होता.

आता कोणालाही वाटेल की परक्या मैदानावर तरी तो सरळ धावला असेल. छे! पहिल्याच बाहेरच्या सामन्यात त्याने चौदा पावलं मोजली, मोकळ्या हिरवळीवर धाव घेतली, चौथ्याला डावीकडे वळला आणि पाचव्याला उडी मारली. समोरच्या कप्तानाने तक्रार केली. पंचांनी नियमांचं पुस्तक चाळलं, पण नसलेली वस्तू चुकवू नये असा नियम त्यात कुठे सापडेना. फलंदाज मात्र तो नक्की काय चुकवतोय ते बघायला मान तिरकी करून उभा राहिला आणि त्याचा स्टंप उडाला. संध्याकाळपर्यंत असे पाच जण गेले. त्या दिवसापासून मीटरवाल्याला वाटायला लागलं की यात काही तरी आहे.

मग खात्याची पटांगणापलीकडे तीन मजली नवी इमारत झाली. जुनी खोली पाडली. कपाट यादीत होतं, त्यामुळे ते रीतसर तिसऱ्या मजल्यावर गेलं. खोलीच्या जागी गवत आलं. आता धावायला जागाच जागा. मीटरवाला गवतावर उभा राहिला, धावला, वळला, उडी मारली. कोणालाच नवल वाटलं नाही. मिडऑफवरचा तर सवयीने ओरडला, "पायरी सांभाळ!"

चौतिसाव्या वर्षी गुडघा गेला. पाचव्या पावलाच्या त्या उडीनेच गेला, हे डॉक्टरांना कळलं नाही आणि याने सांगितलं नाही. खात्याने त्याला संघाचा प्रशिक्षक केला. सकाळी सहा ते आठ मैदान, मग मीटर. तो चुन्याने जमिनीवर चौदा चौकोन आखायचा आणि शिकवायचा: तीन सरळ, चौथा डावीकडे, पाचव्याला उडी, मग सुटा. कोणी विचारलं "का सर?" तर म्हणायचा, "कळेल."

खरं सांगायला त्याला लाज वाटायची. प्रशिक्षक म्हणून पहिल्याच दिवशी "इथे पूर्वी एक कपाट होतं" असं कसं सांगणार? आणि मग एक दिवस कॅमेरा घेऊन एक तज्ज्ञ आला. दोन दिवस त्याने पोरांच्या कमरांचे फोटो काढले आणि मासिकात लेख लिहिला, की या वळणाने कमरेत शक्ती साठते आणि उडीने ती खांद्यात चढते. मीटरवाल्याने लेख दहादा वाचला. पाचव्यांदा वाचताना त्याला तो पटायला लागला. कात्रण प्लास्टिकमध्ये घालून त्याने खिशात ठेवलं, आणि पुढे कोणी विचारलं की नुसतं खिशावर थोपटायचा. "कमरेत साठतं."

बावीस वर्षांत त्याच्या हाताखालून दीडशे गोलंदाज गेले. एक बेकरीवाला झाला, एक बस चालवतो, दोघे दातांचे डॉक्टर. सगळे जलद-मध्यम. सगळे चौथ्या पावलाला डावीकडे वळतात. शहरातल्या दुसऱ्या क्लबने हे बघून आपल्या गोलंदाजांना दोनदा वळायला शिकवलं, म्हणजे त्यांच्याकडे एक कपाट जास्तच झालं. मीटरवाला कधी कामाला तिसऱ्या मजल्यावर गेला आणि एक्केचाळीस क्रमांक समोर आला, तर तो भिंतीवरची दिनदर्शिका वाचत पुढे जायचा.

हे असंच चाललं असतं. पण त्याला एक भाची होती.

बहिणीची मुलगी. नऊ वर्षांची असताना मामाच्या मागे मैदानावर आली ती गेलीच नाही. आता एकोणीस वर्षांची. असा खांदा मीटरवाल्याने उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. बाकीच्यांना शिकवताना तो प्रशिक्षक असायचा. तिला शिकवताना तो मीटरांची वेळसुद्धा विसरायचा. स्वतःला कधी जमलं नाही ते हिला जमावं, ही राज्याच्या संघात जावी, एवढंच त्याला आता हवं होतं. घरी देवाला नमस्कार करताना तो दुसरं काही मागत नसे.

शनिवारी त्याच पटांगणावर निवड चाचणी होती. निवड करायला एक बाई आल्या होत्या. एके काळी स्वतः राज्याकडून खेळलेल्या. घडीचं स्टूल, पांढरी टोपी, हातात वही, आणि बोलणं मोजकं. पटांगणाच्या कडेला मीटरवाल्याचे जुने शिष्य गोळा झाले होते. बेकरीवाला खोकाभर बन घेऊन आला होता. बायको धावफलकाखाली सावलीत डबा आणि विणकाम घेऊन बसली होती.

भाचीने तीन बॉल टाकले. निवडबाई उठल्या, धावेच्या वाटेवर चौथ्या पावलाच्या जागी गेल्या आणि बुटाने जमीन ठोकून बघितली.

"इथे खड्डा होता का?"

"नाही," भाची म्हणाली.

"मुंग्या?"

"नाही. आमची पद्धत आहे ती."

"या पद्धतीने तुझा शेवटचा पाय खेळपट्टीच्या मधोमध पडतो. राज्याच्या सामन्यात पंच तिसऱ्यांदा बघतील आणि गोलंदाजी बंद करतील. आणि इथे वळलीस की तुझा अर्धा जोर इथेच राहतो." मग त्या मीटरवाल्याकडे वळल्या. "प्रशिक्षक तुम्ही? या वळणाचं कारण सांगा. पटलं तर राहू द्या. नाही पटलं तर चारपर्यंत हिने सरळ धावून दाखवावं. हिचा खांदा बघून एवढं थांबतेय, दुसऱ्या कोणासाठी थांबले नसते."

सगळे शिष्य मीटरवाल्याकडे बघायला लागले. बेकरीवाल्याने तर स्वतःच्या खिशावर थोपटून त्याला खूण केली. मीटरवाल्याचा हात खिशात गेला, प्लास्टिकला लागला. समोर भाची उभी होती, घामाने निथळत, आणि मामा आता ठणकावून सांगेल या खात्रीने बघत. तिचा तो विश्वास बघून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने रिकामा हात बाहेर काढला.

"कपाट होतं," तो म्हणाला.

"कसलं कपाट?"

त्याने सगळं सांगितलं. खोली, खिडकी, कपाट, पायरी. सांगायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत, याचं त्यालाच वाईट वाटलं.

"पण सर, कमरेत साठतं ना?" बेकरीवाला म्हणाला.

"कमरेत काही साठत नाही रे."

"मग माझी कंबर इतकी वर्षं कशाने दुखते?"

"त्यानेच."

दातांचे दोन्ही डॉक्टर हळूच गवतावर बसले. भाची मात्र जवळ आली. "मामा, मी विचारलं होतं तुम्हाला. किती वेळा विचारलं होतं."

"लाज वाटायची गं."

"आणि आता?"

"आता तर जास्तच वाटतेय. पण तू सरळ धाव."

ती गेली, धावली, आणि चौथ्या पावलाला डावीकडे वळली. पुन्हा धावली, पुन्हा वळली. पाचव्यांदा तिने बॉल जमिनीवर आपटला. "नाही जमत! इतके दिवस नुसती पद्धत होती, काही वाटायचं नाही. आता तुम्ही सांगितल्यापासून ते मला दिसतंय तिथे. मी काय लोखंडावर धडकू?"

निवडबाईंनी घड्याळ बघितलं. अडीच वाजले होते.

बायकोने विणकाम बाजूला ठेवलं. "मग आणा की ते खाली," ती म्हणाली. "ठेवा तिथे. आणि तिच्या डोळ्यांदेखत उचलून न्या. गेलेलं दिसलं की गेलं."

यावर कोणाला हसू आलं नाही, याचा अर्थ मंडळी किती हतबल झाली होती ते बघा. सगळे तिसऱ्या मजल्यावर गेले. तिथला भांडारपाल म्हणजे तोच जुना पंच-कारकून, आता केस पिकलेला. शनिवारचा अर्धा दिवस संपवून तो कुलूप लावत होता. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "अर्ज?"

"अरे, वेळ नाही आता," मीटरवाला म्हणाला.

"मग वेळ नाही असा अर्ज करा. अर्जाशिवाय कपाट हलत नाही."

"अर्ज आहे," मागून बायकोचा आवाज आला. जिने चढून तिला धाप लागली होती. "कपाटातच आहे. वरच्या खणात, डाव्या कोपऱ्यात."

भांडारपालाने किल्ल्यांचा जुडगा काढला. दार कुरकुरत उघडलं. आत गंजलेल्या मीटरांच्या रांगा आणि वरच्या खणात, डाव्या कोपऱ्यात, एक पिवळा पडलेला घडी घातलेला कागद. भांडारपालाने तो उलगडून वाचला. मग मीटरवाल्याच्या बायकोकडे बघितलं, मग मीटरवाल्याकडे, आणि पुन्हा एकदा वाचला.

"सगळं बरोबर आहे," तो म्हणाला. "फक्त अर्जदाराची सही राहिलीय."

मीटरवाल्याचा चष्मा खाली पिशवीत होता. भांडारपालाने बोट ठेवलं तिथे त्याने सही केली. भांडारपालाने खाली 'मंजूर' लिहिलं, शिक्का मारला, तारीख घातली.

"झालं?"

"झालं."

"एवढंच?"

"एवढंच. तेव्हाही कपाटांचं काम माझ्याकडेच होतं. मागितलं असतंस तर उभ्या उभ्या दिलं असतं. कोणी मागितलंच नाही."

मीटरवाला जिन्याच्या पहिल्या पायरीवर मटकन बसला. बत्तीस वर्षं, एक गुडघा आणि दीडशे पोरांच्या कमरा. अर्ध्या मिनिटाचं काम होतं. त्याला स्वतःचा इतका राग आला की तिथेच बसून राहावंसं वाटलं. पण खाली भाची एकटी उभी होती.

मीटर काढून ठेवले, आणि सात जलद-मध्यम गोलंदाजांनी कपाट उचललं. इतकी वर्षं जे चुकवलं ते आज पहिल्यांदा खांद्यावर घेताना बेकरीवाला म्हणाला, "वजन बरंच आहे हो सर." पटांगणात मीटरवाल्याने चौदा पावलं मोजली आणि कपाट नेमक्या जागी ठेवायला लावलं. भाचीने सहा बॉल टाकले. सहाही वेळा ती कपाटाला इतका सुरेख वळसा घालून गेली की निवडबाईंच्या तोंडून "वा" निघून गेलं, आणि मग त्या स्वतःवरच चिडल्या.

"उचला," बायको म्हणाली.

कपाट सीमारेषेपर्यंत गेलं. भाची टक लावून बघत होती. मग ती धावली, एक, दोन, तीन, आणि चौथ्याला गपकन थांबली. "मामा, अजून वाटतंय."

मीटरवाला त्या जागेकडे निघाला. हातभर अलीकडे आल्यावर त्याचेही पाय थबकले. बत्तीस वर्षांत त्या जागेवर त्याने एकदाही पाऊल ठेवलं नव्हतं. अंधारात चाचपडावं तसा त्याने हात पुढे केला. हाताला काही लागलं नाही. त्याने डोळे मिटून पाय टाकला, मग दुसरा टाकला, आणि तिथे उभा राहून लहान मुलासारखे दोन्ही हात हवेत फिरवले.

"बघ! काही नाही इथे! काहीच नाहीये गं!" त्याचा आवाज फाटला होता.

"बाजूला व्हा मामा."

तो बाजूला झाला. ती धावली. तीन, चार, पाच, आणि चौदाव्या पावलाला हात फिरला. बॉल कोणाला नीट दिसला नाही. मधला स्टंप मात्र यष्टिरक्षकाच्याही मागे जाऊन पडला, आणि यष्टिरक्षक जागेवरून हललासुद्धा नाही. तिने आणखी पाच टाकले, सगळे तसेच. निवडबाई उभ्यानेच वहीत लिहायला लागल्या. मीटरवाला लंगडत त्यांच्या खांद्याशी गेला.

"काय लिहिलंत?"

"घेतली म्हणून लिहिलं. जलद गोलंदाज."

"जलदच्या पुढे?"

"पुढे काय?"

"पुढे काही नाही ना?"

"नाही," निवडबाई म्हणाल्या. "पुढे काय असतं?"

भाचीने पळत येऊन मामाला अशी मिठी मारली की त्याचा दुखरा गुडघा वळला. ती त्याच्यावर चिडली होती ते विसरली होती. नंतर आठवण होणार होती, पण आज नाही. बेकरीवाल्याने बन वाटले. त्याच खोक्यातला एक बन मागून घेत भांडारपाल मीटरवाल्याजवळ आला आणि अर्जाची प्रत त्याच्या हातात दिली. "ही तुझी. आणि पाचपर्यंत कपाट जागेवर पाहिजे."

मीटरवाल्याने पिशवीतून चष्मा काढला. टाइप केलेली अक्षरं फिकी झाली होती, पण वाचता येत होती. 'आमच्या खात्याचे जलद गोलंदाज यांस धावताना कपाट क्र. ४१ आडवे येते. ते दोन हात सरकवल्यास त्यांचा वेग वाया जाणार नाही. तरी मंजुरी द्यावी.' वर तारीख होती लग्नाच्या आधीच्या वर्षाची.

तो फलकाखाली बायकोजवळ जाऊन बसला.

"यात मध्यम राहिलं," तो म्हणाला.

"राहिलं नाही. घातलंच नव्हतं."

"आणि मग घरी इतकी वर्षं?"

"तुम्ही चिडून कधी तरी ते कपाट हलवायला जाल, उघडाल आणि आत अर्ज दिसला की सही कराल म्हणून म्हणत होते." तिने विणकाम पिशवीत भरलं. "तुम्ही नुसतेच चिडलात."

त्याला रडू आलं. भाचीसाठी आनंद झाला होता त्याचं होतं, आणि स्वतःसाठी इतकं वाईट वाटलं होतं त्याचंही होतं. बायकोने डब्याच्या फडक्याने त्याचे डोळे पुसले आणि ते फडकं त्याच्याच हातात दिलं.

पटांगणात मंडळी कपाट उचलायला लागली होती. मीटरवाला उठला, धावेच्या खुणेवर गेला आणि कपाटाकडे निघाला. तीन पावलं टाकली, चौथं सरळ टाकलं, मग पाचवं.

"पायरी सांभाळा!" बायको मागून ओरडली.

त्याने उडी मारली नाही.